कारणाचा रकाना

आमच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर पेशंटच्या नावापुढे एक रकाना आहे. येण्याचं कारण. तो भरल्याशिवाय वेळ देता येत नाही. चौकट लाल होते आणि हटूनच बसते. येल्डरिंगच्या या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं काउंटरवर बसतेय. गावातल्या दोनशे चाळीस माणसांची मूळव्याध, साखर, गुडघे, बाळंतपणं, सगळं माझ्या बोटांखालून गेलंय. आणि त्यातला एक शब्द मी कधी बाहेर काढला नाही, असं मी छाती पुढे काढून सांगत असे. आता नाही सांगत.

माझा भाऊ लाइल पास्को माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. कौन्सिलचा ग्रेडर चालवायचा, म्हणजे ते लांबलचक पिवळं धूड, पोटाखाली पातं असलेलं, जे मातीचे रस्ते तासून सपाट करतं. पर्थपासून साडेतीनशे किलोमीटर आत असलेल्या आमच्या भागात डांबर फक्त गावापुरतं. बाकी सगळी लाल माती आणि खडी. सोमवारी सकाळी लाइल ग्रेडरच्या मागे झोपायची छोटी कॅरॅव्हॅन आणि आपली गाडी जोडून निघायचा तो शुक्रवारी दुपारी परत. मधले दिवस तो, त्याचा रेडिओ आणि रस्ता. बोलायला कोणी नाही. त्याला ते आवडायचं. आमच्या घरात बोलण्याचं काम मी एकटीच दोघांच्या वाटचं करायचे, म्हणून असेल.

रस्ता झाला की त्याची स्वतःची एक परीक्षा होती. गाडीच्या पुढच्या फळीवर चहाचा काठोकाठ भरलेला कप ठेवायचा आणि तयार केलेल्या रस्त्यावरून जायचं. थेंब सांडला तर परत मागे जाऊन पातं लावायचं. कौन्सिलने हे करायला सांगितलं नव्हतं, त्याचा पगारही नव्हता. स्वतःच्या लग्नाला तो वीस मिनिटं उशिरा आला, का, तर येताना एका ठिकाणी चहा हिंदकळला. नेरिडा, त्याची बायको, ती गोष्ट अजून सांगते. म्हणजे सांगायची.

तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, गव्हाची कापणी तोंडावर आली होती. ट्रक सुरू व्हायच्या आत वांडीनचा रस्ता तासून घ्या, असा इंजिनियरने हुकूम सोडला. लाइलचं म्हणणं होतं की एक पाऊस होऊ द्या. कोरड्या मातीला पातं लावलं तर वरची खडी सुटी होते, बसत नाही. इंजिनियर म्हणाला, कापणी तुझ्या पावसासाठी थांबणार आहे का. लाइल हुकूम मोडणारा नव्हता. त्याने रस्ता तासला. तिसऱ्या दिवशी शाळेतली नवी शिक्षिका कीरा, चोवीस वर्षांची पोर, दुसऱ्या वळणावर त्या सुट्या खडीवरून घसरली आणि गाडी उलटली. सर्वांत आधी पोचला तो लाइलच. आमच्याकडे रुग्णवाहिका गावातलेच लोक चालवतात, हातातलं काम टाकून यावं लागतं. त्यांना यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ तो तिचा हात धरून बसला होता. रुग्णवाहिका आली तेव्हा तिचा उपयोग उरला नव्हता.

चौकशी झाली. गाडीचा वेग, वळण, खडी, सगळं लिहून आलं, आणि लाइलवर ठपका ठेवणारं एक अक्षर त्यात नव्हतं. मी तो कागद त्याला दोनदा वाचून दाखवला. बघ, झालं ना, असंही म्हणाले. मला मेलीला कागदांवर फार विश्वास.

त्यानंतर लाइल दर आठवड्याला ते वळण तासायला लागला. दुसरीकडचं काम अर्धं टाकून तिकडे जायचा. कौन्सिलने डिझेलवरून दोनदा पत्र पाठवलं. पबमधे लोक म्हणायचे, वांडीनच्या वळणावर आता लग्नाचा नाच ठेवा, तेवढी गुळगुळीत जमीन हॉलमधे पण नाही. हसले लोक. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

आणि बोट बंद झालं. आमच्याकडे रस्त्यावर समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. ओळख असो नसो, बोट उचलायचं. चाळीस वर्षांत लाइलने समोरच्या कुणालाही बोट न उचलता जाऊ दिलं नव्हतं. आता तो सरळ बघत निघून जायचा. तीन जणांनी माझ्याकडे तक्रार केली की तुझा भाऊ फार शिष्ट झालाय. मग मी त्याला झापलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “लक्षात नाही आलं गं.”

आता आमच्या दवाखान्याची रीत सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. तेनाकून नावाचे डॉक्टर एक आड एक गुरुवारी येतात, दोन गावं पलीकडून. भला माणूस, जेवायलाही बसत नाही. साधी वेळ दहा मिनिटांची. लांबची वेळ वीस मिनिटांची, ती आधी मागून घ्यावी लागते आणि कारण सांगावं लागतं. मनाचं काही दुखणं असेल तर डॉक्टरांनी एक कागद करून द्यावा लागतो. तो असेल तरच सरकारी सवलतीत मानसोपचारवाल्यांकडे जाता येतं. ते बसतात दीडशे किलोमीटरवर आणि तिथे तीन महिन्यांची रांग. पण ते सगळं नंतरचं. तो कागद दहा मिनिटांत होत नाही, त्याला लांबची वेळ लागते. म्हणजे ज्याला आतून काही होतंय त्याने आधी काउंटरवर यायचं आणि सांगायचं की मला वीस मिनिटं हवीत आणि ती अमुक कारणासाठी हवीत. काउंटर उघडं. तीन पावलांवर खुर्च्या. खुर्च्यांवर त्याचेच शेजारी. आणि काउंटरच्या मागे, लाइलच्या नशिबाने, त्याचीच बहीण.

जानेवारीत त्याने फोन केला. डॉक्टरांना भेटायचंय म्हणाला. मी विचारलं, कशासाठी. म्हणाला, बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायच्यात. मी त्याचं पान उघडलं तर त्याच्याकडे अजून तीन महिन्यांच्या गोळ्या शिल्लक होत्या. मी त्यावरून त्याला धांदरट म्हणाले आणि तरीही साधी वेळ दिली. तो आला, आत गेला, सात मिनिटांत बाहेर. हातात गोळ्यांचा कागद. सात मिनिटांत! मी खूश झाले की डॉक्टरांची गाडी वेळेवर धावतेय.

फेब्रुवारीतला तो रविवार मला आठवू नये असं फार वाटतं. माझ्याकडे जेवण होतं, लाइल, नेरिडा आणि नेरिडाचा भाऊ. कोकराचं मांस भाजलं होतं आणि सुरी लाइलच्या हातात, कारण आमचे वडील गेल्यापासून कापायचं काम त्याचं. आदल्या गुरुवारी डॉक्टर पन्नास मिनिटं मागे पडले होते आणि सगळ्यांची बोलणी मी खाल्ली होती. ते डोक्यात होतंच. मी म्हणाले, “ना ताप, ना खोकला. वीस मिनिटं मागून घ्यायची आणि आत जाऊन नुसतं रडायचं. बाहेर म्हातारी माणसं ताटकळतायत. रडायला डॉक्टर कशाला हवा, घरी उशी नाही?”

नाव घेतलं नाही मी. पण इतक्याशा गावात कोण तासभर आत होतं हे कुणाला सांगावं लागतं? सगळे हसले. लाइलची सुरी मधेच थांबली. मग त्याने उरलेलं कापलं, आणि कडेचा खरपूस भाजलेला तुकडा, जो मला लहानपणापासून लागतो, तो माझ्या ताटात ठेवला.

मार्चमधे तो माझ्या पाण्याच्या टाकीचा नळ बदलायला आला. काम झाल्यावर पायरीवर बसून चहा पीत होता. मी आत पाव कापत होते. तिथूनच त्याने विचारलं.

“एल्वा, ती तुझी रडणारी बाई. तिला काही फरक पडला का गं?”

मी लगेच ताठ झाले. म्हणाले, “ते मी सांगू शकत नाही. दवाखान्यातलं दवाखान्यात.”

“नाव नको. नुसतं विचारतोय. आत जे बोलतात ते लिहून घेतात?”

“मग काय, सगळं कॉम्प्युटरवर जातं.”

“ते कोण कोण बघतं?”

“डॉक्टर, नर्स आणि मी. चौथं कुणी नाही.”

आता ऐकताना माझं मलाच कसंतरी होतं, पण तेव्हा हे मी मोठ्या अभिमानाने बोलले. तो कपातल्या चहाकडे बघत होता. मग म्हणाला, “माझ्या अवजड वाहनांच्या लायसन्सची तपासणीही हेच डॉक्टर करतात ना?”

“तेच करतात. जूनमधे आहे तुझी, विसरू नकोस.”

“नाही विसरत,” म्हणाला, आणि कप धुऊन ठेवून गेला.

त्या बाईला फरक पडला होता. खूप पडला होता. ती कागद घेऊन गेली, रांगेत थांबली, आणि आता बागेत टोमॅटो लावते, गाते, भांडते. एक हो म्हटलं असतं मी, नुसतं हो, तर काय जात होतं माझं? पण रविवारी जेवताना माझ्या जिभेला हाड नव्हतं, आणि जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा मी तोंडाला कुलूप लावलं आणि त्यालाच इमानदारी समजले. याची चीड येते मला. माझीच येते.

एप्रिलच्या अखेरीस, एका सोमवारी, लाइल दवाखान्यात स्वतः आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. सोमवारचा तो रस्त्यावर असायचा, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नर्सकडे पट्ट्या बदलायला आलेली चार माणसं खुर्च्यांवर होती.

“लांबची वेळ हवीय. वीस मिनिटांची,” तो म्हणाला.

“कारण?”

त्याने मागे खुर्च्यांकडे पाहिलं. मग काउंटरवर वाकला आणि हळू म्हणाला, “एल्वा, लिही ना काहीतरी.”

मी हळू बोलणारी बाई नाही. “काहीतरी असा आजार नाही माझ्याकडे,” मी म्हणाले, आणि खुर्च्या हसल्या. लाइलही हसला थोडा. मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, “कातडी. पाठीवर डाग आहे.”

इथे ते कुणालाही खरं वाटतं. या उन्हात आयुष्य काढलेल्या प्रत्येकाच्या कातडीवर काही ना काही असतंच, आणि त्यातलं निम्मं कापून काढावं लागतं. मी टाइप केलं, कातडी तपासणी. लाल चौकट हिरवी झाली. बनियन धुतलेली घालून ये म्हणून वर चेष्टाही केली.

गुरुवारी तो आला. आत काय झालं ते मला डॉक्टरांनीच नंतर सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. त्यांनी लाइलला टाळूपासून तळपायापर्यंत तपासलं. भिंग लावून, बोटांच्या मधलंसुद्धा. इंच न् इंच पाहिला माझा भाऊ. डाव्या खांद्यावर एक तीळ होता, ना चांगला ना वाईट. तो काढून तपासायला पाठवला आणि तीन टाके घातले. मग लाइल शर्टाची बटणं लावत बसला, फार सावकाश. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही? त्याने शेवटचं बटण लावलं. मग दाराकडे बघून म्हणाला, “बाहेर लोक ताटकळतायत, डॉक्टर. जातो मी.”

ते माझं वाक्य होतं.

बाहेर येऊन तो काउंटरपाशी थांबला. मी फोनवर होते, त्याला हाताने थांब अशी खूण केली. तो थांबला, मिनिटभर असेल. फोन संपेना. तेव्हा त्याने काउंटरवर ठेवलेल्या हाताचं एक बोट उचललं, रस्त्यावर उचलतात तसं, आणि गेला. मला बरं वाटलं. म्हटलं, आला हा पुन्हा माणसांत.

पुढच्या शुक्रवारी लाइलने वांडीनच्या वळणावर स्वतःला संपवलं. ग्रेडर रस्त्याच्या कडेला, कुणाच्या वाटेत येणार नाही असा लावला होता आणि दोन्ही बाजूंना लाल झेंड्या उभ्या केल्या होत्या, नियमाप्रमाणे, अंतर मोजून. आणखी काही मी सांगणार नाही. रस्ता झालेला होता. पोलिसांची गाडी त्यावरून आली तेव्हा, म्हणे, खडखड सुद्धा झाली नाही.

त्याच्या खिशात एक चिटोरा सापडला, फोन नंबरचा. दवाखान्याच्या संडासात दाराच्या आतल्या बाजूला एक पोस्टर आहे, मन मोकळं करायला फोन करा म्हणून, खाली फाडून न्यायच्या नंबरच्या पट्ट्या. त्यातली ती पट्टी. कधी फाडली होती देव जाणे. तो जिथे आठवड्याचे पाच दिवस असायचा त्या रस्त्यांवर मोबाइलला रेंज नाही, आणि घरचा फोन स्वयंपाकघरात भिंतीवर, नेरिडाच्या कानाशी. पट्टी घडी घालून घालून मऊ पडली होती.

अंत्यविधीला सगळं गाव होतं, आजूबाजूच्या गावांचेही लोक होते. ती बाई पण आली होती, उशीवाली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “मला माहीत असतं तर मीच त्याला घेऊन गेले असते गं, माझ्या गाडीतून.” तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. तिने चारचौघांत मुस्काटात मारली असती तर मला सोसलं असतं.

आता मी सगळ्यांना वीस मिनिटं देते. कारण विचारत नाही. रकाना भरावा लागतोच, म्हणून सगळ्यांच्या नावापुढे कातडी लिहिते. मुख्य कचेरीतून दोनदा विचारणा झाली की येल्डरिंगमधे कातडीचे एवढे विकार कुठून आले. मी कळवलं, ऊन फार आहे. काढायचं तर काढा मला. अजून कुणी काढलं नाही, कारण या पगारात या गावात दुसरं कोण येऊन बसणार. डॉक्टरांना कळलंय, ते काही बोलत नाहीत. हल्ली त्यांना निघायला संध्याकाळचे सात वाजतात.

पत्राचं सांगायचं राहिलं. माणूस गेला की कॉम्प्युटरवर त्याच्या पानावर एक खूण करावी लागते, म्हणजे त्याला पत्रं, आठवणीच्या सूचना, लसीच्या तारखा जात नाहीत. ते काम माझं. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या नावापुढे मी ती खूण केलीय, चहा पिता पिता. लाइलचं पान मी रोज उघडायचे. ते शेवटचं कारण वाचायचे आणि खूण न करताच बंद करायचे. बारा दिवस गेले. त्यामुळे यंत्राच्या लेखी तो जिवंत होता, आणि तपासणीचा निकाल आल्यावर यंत्राने नेहमीप्रमाणे पत्र छापून पोस्टात टाकलं.

नेरिडाने मला फोन केला. ये म्हणाली, दुसरं काही नाही. मी गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात बसली होती, समोर उघडलेलं पाकीट. पाकिटावर आमच्या दवाखान्याचा शिक्का.

“वाच,” ती म्हणाली. “माझा चष्मा नाही सापडत.”

चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी उभ्यानेच वाचायला लागले. प्रिय लाइल. तुमच्या तपासणीचा निकाल आला असून काळजी करण्यासारखं काहीही आढळलं नाही. पुन्हा दवाखान्यात येण्याची गरज नाही.

“म्हणजे काही नव्हतंच त्याला,” नेरिडा म्हणाली.

मी कागदाची घडी घालायला लागले. तिने तो माझ्या हातातून घेतला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि म्हणाली, “खाली अजून एक ओळ आहे. ती नाही वाचलीस.”

ती ओळ प्रत्येक पत्राखाली असते. अकरा वर्षांपूर्वी मीच हट्टाने घालून घेतली होती, लोकांना आपुलकी वाटावी म्हणून. नेरिडाने ती वाचली, एकेक शब्द सुटा करून.

“मनात काहीही असेल, तर काउंटरवर एल्वाशी मोकळेपणाने बोला.”